उणे चाळीसातली शेगडी

ताप मला नवा नाही. बावीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर तापलेल्या माणसापेक्षा त्याच्या नातेवाइकांचीच धास्ती जास्त वाटते. ते रडतात, मध्येमध्ये बोलतात, कुणीतरी सांगितलेला काढा गुपचूप पाजतात आणि वर "आम्ही काहीच दिलं नाही हो" म्हणून शपथा घेतात. अशा लोकांना मी सरळ दाराबाहेर काढते. त्या मंगळवारी मात्र नातेवाईक मीच होते आणि मला बाहेर काढणारं तिथे कुणी नव्हतं.

विशाखा माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणते. रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीच्या काठावर मासळी गोठवून परदेशी पाठवण्याचा कारखाना आहे, तिथे ती शीतगृहात आणि मी दवाखान्यात. दवाखाना म्हणजे दोन खाटा, एक पडदा आणि पुण्याच्या डॉक्टरांशी बोलायचा पडदा. पूर्वी शीतगृह उणे अठरा अंशांवर असे. मग कुपा मासा, म्हणजे ट्यूना, कच्चा खाणारे लोक गिऱ्हाईक म्हणून मिळाले आणि त्यांच्यासाठी उणे चाळीसची नवी खोली बांधली गेली. तिथे आधी यंत्रांचे हात बसवले होते. पण कुप्याच्या कल्ल्यात हात घालून तो ताजा की शिळा हे ओळखणं यंत्रांना काही जमेना. माणसांना ते जमतं, पण जाड सूट घालूनही माणूस तिथे वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. म्हणून गोळी आली.

गोळीचं कागदावरचं नाव हातभर लांब. बायका तिला शेगडी म्हणायच्या. कामाआधी अर्धा तास घ्यायची, की चार तास अंगातच ऊब धुमसत राहते. ती बनवणाऱ्या चमूच्या प्रमुख डॉ. नलिनी हर्डीकर स्वतः पुण्याहून आल्या होत्या आणि कँटीनमध्ये उभं राहून त्यांनी आम्हाला समजावलं होतं. मला त्या आवडल्या. समजावताना त्या समोरच्याला बावळट समजत नाहीत.

त्या म्हणाल्या, आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या इवल्याशा गिरण्या असतात. आपण खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर त्या हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, एका पडद्यापलीकडे ढकलत राहतात. पडदा चरबीचा असतो आणि विद्युतभार असलेला कण चरबीतून जात नाही, त्यामुळे पलीकडे प्रोटॉनची गर्दी होते. त्या गर्दीला परत यायला ठरलेला दरवाजा असतो. त्यातून येताना प्रोटॉन एक चाक फिरवतात आणि त्या चाकावर शरीराचं इंधन दळलं जातं.

गोळीतला रेणू म्हणजे एक सौम्य आम्ल. ते प्रोटॉन धरतं, पण घट्ट धरत नाही. गर्दीच्या बाजूला एक प्रोटॉन उचलला की त्याच्यावरचा भार मिटतो आणि ते चरबीतून आरामात पलीकडे जातं. तिथे प्रोटॉन सोडून देतं. परतताना त्याच्यावर ऋण भार असतो खरा, पण तो सगळ्या रेणूवर इतका पातळ पसरलेला असतो की पडदा त्यालाही अडवत नाही. मग पुन्हा पुढचा प्रोटॉन. आमच्या खाडीतली होडी जशी उतारू पोचवून रिकामी परत येते, तसंच. तीव्र आम्लाला हे जमत नाही, कारण ते प्रोटॉन धरूनच ठेवत नाही. फारच सौम्य असलं तर ते सोडायचं नाव घेत नाही. अशा होडीने आलेले प्रोटॉन चाक फिरवत नाहीत, त्यामुळे त्यांची सगळी ऊर्जा नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. तीच ऊब.

"शंभर वर्षांपूर्वी असंच एक रसायन लोकांनी बारीक व्हायला खाल्लं होतं," हर्डीकर मॅडम म्हणाल्या. "त्यातले काही जण स्वतःच्या अंगातल्या उष्णतेनेच गेले. आमचा रेणू मुद्दाम मंद आहे. ठरावीक संख्येच्या वर तो प्रोटॉन नेऊच शकत नाही. मात्र त्याच्या जोडीला दुसरं काही घेऊ नका. विशेषतः ॲस्पिरिन. तेही सौम्य आम्लच आहे आणि जास्त झालं तर हेच काम करतं."

बायकांनी माना डोलावल्या. शेहेचाळीस जणींचे फॉर्म मी भरले. "इतर कोणती औषधं घेता?" या रकान्यात मी माझ्या हाताने शेहेचाळीस वेळा "नाही" लिहिलं. आक्काचाही फॉर्म त्यातच होता. ती नव्या खोलीत यायला तयार नव्हती, मीच तिला गळ घातली होती. पॅकिंगच्या टेबलावर दहा तास वाकून राहण्यापेक्षा चार तास थंडीत उभं राहणं तिच्या पाठीला बरं, असं माझं म्हणणं.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. त्या सोमवारपासून एका गोळीऐवजी दीड गोळी द्यायचं ठरलं.

मंगळवारी साडेनऊला आक्का दवाखान्यात आली ती भिंत धरत. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"तेजू, पायात गोळे येतायत गो. आन् कसातरीच होताय."

तिच्या दंडावरच्या ताप मोजायच्या पट्टीत आकडा दिसत होता. अडतीस पूर्णांक नऊ. मी तिला खाटेवर निजवलं, पुण्याला फोन लावला आणि फोन लागेपर्यंत तिच्या पोटऱ्या चोळायला घेतल्या. त्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या.

डॉक्टर हर्डीकर पडद्यावर आल्या. त्यांच्यासमोर पट्टीचे सगळे आकडे आपोआप उमटतच होते. "काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. श्वास जोरात चाललाय, हे चांगलं लक्षण नाही. ॲस्पिरिन घेतलंय?"

"नाही."

"नक्की? डोकेदुखीची गोळी, सर्दीची पुडी, काहीही?"

"मॅडम, माझी सख्खी बहीण आहे. मला माहीत असतं."

किती ठणकावून सांगितलं मी! नातेवाईक असेच बोलतात.

ॲम्ब्युलन्स राजापूरच्या बाजूला गेली होती, तिला यायला तास लागणार होता. पावणेदहाला आकडा एकोणचाळीस पूर्णांक सहा झाला. बर्फाच्या पिशव्या तिच्या अंगावर बघताबघता पाणी होऊन गेल्या. मी मॅनेजर मयेकरांना हाक मारली आणि मासळी धुवायचा निळा टब आणायला सांगितला; तो येईपर्यंत पुन्हा तिच्या पोटऱ्या चोळल्या. बर्फाला आमच्याकडे काय तोटा? दोन माणसांनी फावड्याने चुऱ्याचा बर्फ भरला आणि आक्काला कपड्यांसकट त्यात बसवलं. ती किंचाळली. मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं.

आकडा चाळीसवर अडला आणि मग हळूहळू एकोणचाळीस पूर्णांक चारवर आला. मला वाटलं, जिंकलो. पण तिच्या पायांत असे गोळे यायला लागले की टबात तिला धरून ठेवणं कठीण झालं. मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं बाहेर घ्या, पुसा, पुन्हा ठेवा. त्या पाच मिनिटांत मी तिचे तळपाय, पोटऱ्या, पाठ रगडून काढली. दुसरं काय करणार होते? माणूस कळवळतो तेव्हा हात आपोआप चालतात.

आकडा पुन्हा चढला. चाळीस पूर्णांक दोन. आणि दोन मिनिटांत चाळीस पूर्णांक पाच.

"हा हिशोब बसत नाही," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझ्या रेणूची सीमा याच्या बरीच खाली आहे. दीड काय, चार गोळ्यांनीही इतकं होणार नाही. दुसरी कुठलीतरी होडी चालू आहे तिच्या शरीरात. तपासणीच्या पेटीत पिवळ्या थेंबांची बाटली आहे ना? तिच्या लघवीत दोन थेंब टाका."

मी टाकले. काचेच्या नळीत बघताबघता जांभळा रंग उतरला. गडद, पिकलेल्या जांभळाचा असावा तसा.

"सॅलिसिलेट," मॅडम म्हणाल्या. "ॲस्पिरिनच्या कुळातलं. भरपूर आहे. तिने घेतलंय, तेजस्विनी."

त्यानंतर जे मी केलं ते सांगायला मला अजून जीभ रेटत नाही. मी आक्काचे दोन्ही खांदे धरले आणि तिला हलवलं. "कधी घेतलीस? किती घेतल्यास? खरं बोल!"

"नाय गो घेतली..."

"खोटं बोलतेस! रंग दिसतोय मला! पाठ दुखते म्हणून कुठून तरी आणून गिळल्यास ना?"

"माज्या पोराची आन, तेजू. नाय घेतली."

तिचे डोळे लाल झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. आमचं लहानपण एका गोधडीत गेलं. ती माझ्याशी कधी खोटं बोललेली मला आठवत नाही, आणि मी त्या रंगावर विश्वास ठेवून तिच्यावर ओरडत होते. मयेकर दारात उभे होते. ते कुणाशीतरी फोनवर हळू आवाजात म्हणाले, "कामगाराने लपवून ॲस्पिरिन घेतल्याचं निष्पन्न झालंय."

चाळीस पूर्णांक आठ.

पुन्हा तपासून बघावं म्हणून मी बाटली उचलली. ती ओल्या बोटांतून निसटली आणि पिवळे थेंब माझ्या उजव्या तळव्यावर सांडले.

तळवा जांभळा झाला.

मी क्षणभर बघत राहिले. मग हात नाकाशी नेला. नेण्याची गरजच नव्हती. तो वास आमच्या कारखान्याला इतका लागलेला आहे की आता कुणाला येतच नाही. गंधपुरा तेल.

हे तेल नसतं तर आमच्या शीतगृहाचं कामच चाललं नसतं. पाळी सुरू व्हायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत बायका रांगेने उभ्या राहतात आणि प्रत्येक बाई पुढचीच्या पाठीला गंधपुरा चोळते. शेवटचीला पहिली चोळते. तिला त्या साखळी म्हणतात. कुणाचं भांडण असलं तरी साखळीत पाठ चोळून द्यावीच लागते, हा तिथला कायदा. तेल आमच्या घरचं जातं. आईच्या वेळेपासून आम्ही खोबरेल तेलात गंधपुरा आणि कापूर मिसळून बाटल्या भरतो. आणि त्या सकाळी दवाखान्याच्या कपाटातली बाटली घेऊन मी तीन वेळा, भरभरून, माझ्या बहिणीच्या तापलेल्या अंगात ते तेल जिरवलं होतं. फोन लागेपर्यंत एकदा. टबाच्या आधी एकदा. टबातून काढल्यावर एकदा.

फॉर्मवर शेहेचाळीस वेळा "नाही" लिहिताना मला ते आठवलंच नव्हतं. तेल म्हणजे औषध थोडंच? तेल म्हणजे तेल.

"मॅडम," मी म्हणाले, "गंधपुरा. अंगाला लावलेलं."

पडद्यावर त्यांनी डोळे मिटले. "मिथाइल सॅलिसिलेट. गरम कातडीतून दुप्पट तिप्पट वेगाने आत जातं. आणि वरून गच्च लोकरी कपडे. किती लावलंय?"

"बाटलीभर. मीच लावलं."

"आधी धुवा. साबणाने. थेंबही राहता कामा नये. मग सोड्याची सलाईन लावा, मी प्रमाण सांगते."

मासळीचा वास घालवायचा साबण दवाखान्याच्या मोरीत होताच. आक्काचे कपडे मी कात्रीने कापले आणि तिला घासायला लागले. पाठ, काखा, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या. साबणाचं पाणी पांढरं दुधासारखं होऊन वाहत होतं आणि वास उठत होता. माझे हात मात्र मी आधी धुतले. कोपरापर्यंत, दोनदा.

सलाईन लावताना मॅडम मला सांगत होत्या. मी घाबरू नये म्हणून सांगत असाव्यात. गोळीचा असर तीन तासांत आपला आपण उतरेल. प्रश्न तेलाचा. सोड्याने रक्त आणि लघवी थोडी अल्कधर्मी होते. अशा पाण्यात हे आम्ल आपला प्रोटॉन टाकून देतं आणि भारित होऊन बसतं. त्याच्यावरचा भार गोळीतल्या रेणूसारखा पातळ पसरत नाही, त्यामुळे चरबीचे पडदे ओलांडून परत शरीरात शिरणं त्याला अवघड जातं, आणि ते लघवीवाटे निघून जातं. म्हणजे ज्या गुणामुळे ते आत शिरलं, त्याच गुणाने त्याला बाहेर अडकवायचं.

सलाईनचे थेंब पडत होते, आक्का टबात होती आणि मी पट्टीवरून डोळे हलवत नव्हते. चाळीस पूर्णांक आठ. आठ. आठ. सात. त्या एका सातसाठी मी उभ्या आयुष्यात केले नव्हते इतके नवस केले. पाच. मग एकोणचाळीस पूर्णांक नऊ.

एक वाजता आकडा अडतीस पूर्णांक दोन होता. वाटेत बंद पडलेली ॲम्ब्युलन्स आता कुठे पुढच्या पुलावर पोचल्याचा फोन आला होता. आक्का खाटेवर पांघरुणात होती आणि तिचे ओठ ओले करत मी तिला सगळं सांगितलं. लपवून ठेवणं मला झेपलं नसतं.

"तेल मीच लावलं आक्का. तीनदा. आणि वर तुझ्यावरच ओरडले."

तिने माझा हात धरून नाकाशी नेला.

"हात धुतलेस?" तिने विचारलं.

"धुतले."

"मग गप ऱ्हा."

मी रडले तर तिने चेहरा फिरवला. तिला रडणाऱ्या माणसांचा तिटकारा आहे, तो आम्हा दोघींतही सारखाच.

तेवढ्यात मयेकर आत आले. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. त्यांच्या हातात अहवालाचा कागद होता. "भाटकर सिस्टर, एवढी सही. कामगाराने नियम मोडून ॲस्पिरिन घेतलं. मी वर कळवलंय तसं. लघवीचा रंगही तेच सांगतोय ना?"

"ॲस्पिरिन नव्हतं ते. तेल होतं."

"तेच हो, रसायन एकच आहे असं मॅडमच म्हणाल्या." त्यांनी आवाज खाली आणला. "तेल म्हटलं की प्रश्न तुमच्या फॉर्मवर येतो. शेहेचाळीस फॉर्म तुम्ही भरलेत. तुमचं लायसन्सही जाईल. आणि गोळी बंद झाली तर ती खोली बंद. त्या सगळ्या बायका परत पॅकिंगला. चौकशी होईल रीतसर, तेव्हा सांगा काय ते. आज फक्त सही करा."

"कर गो सही," आक्का म्हणाली.

मी वळून बघितलं.

"मी खाल्ली म्हनून सांग. माजा काय जाताय? मना तशी पन आता आत घेनार नायत." ती धापा टाकत थांबली. "तुजी नोकरी ऱ्हाऊंदे. एकीची तरी ऱ्हाऊंदे."

खोटं सांगावं असं मला वाटलंच नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. पेन माझ्या हातात होतं. तीन तासांपूर्वी जिच्यावर मी खोटेपणाचा आळ घेतला होता, ती आता माझ्यासाठी तोच आळ आपणहून डोक्यावर घ्यायला निघाली होती. आणि त्यात कुणाचं काही बिघडतही नव्हतं, असं मला वाटलं. आक्का जिवंत होती. चौकशीत पुढे निघालंच असतं सगळं, चार दिवसांनी, आठ दिवसांनी.

मग मी घड्याळ बघितलं. दीडला दहा कमी. दोनची पाळी.

त्या बायका गोळी दीडला घेतात. त्याच्या आधी साखळी.

मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठले. मयेकर "सिस्टर, सिस्टर" करत मागून आले. आक्का काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही. अंगण ओलांडून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत मी धावत गेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चपला निसटत असताना, जसं धावता येतं तसं.

दार उघडलं आणि तो वास अंगावर आला. आज तो मला आला. तेवीस बायका आत होत्या. काही जणी कपडे चढवून तयार होत्या, बाकीच्यांच्या पाठी उघड्या होत्या. साखळी मोडत आली होती. तोंडाशी उभी होती झुलेखा होडेकर, पाळीतली सगळ्यांत मोठी. तिच्या हातात आमच्या घरची बाटली होती.

"आक्का कशी हाय?" तिने पहिला प्रश्न हाच केला.

"जगेल. ऐका. कुणी गोळी घ्यायची नाही. आक्काने काही खाल्लं नव्हतं. हे तेल आणि ती गोळी एकत्र आली की अंगातली आग विझत नाही. मला माहीत नव्हतं, पण मला माहीत असायला हवं होतं. फॉर्म मी भरले. तेल आमच्या घरचं. आणि आज सकाळी माझ्या बहिणीला माझ्या हाताने मी ते चोळत बसले होते, ती मरायला टेकली तरी."

दारात मयेकर उभे होते. अहवालाचा कागद अजून त्यांच्या हातात होता.

"लवकर आवरायचं म्हणून आज कुणी गोळी आधीच घेतली असेल," मी म्हणाले, "तर हात वर करा. कुणी ओरडणार नाही. मीसुद्धा नाही."

झुलेखाने बाटली खाली ठेवली आणि हात वर केला. तिच्या मागच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांनीही केला. मग कोपऱ्यातल्या बाकावरून एक. मग आणखी.

मी मोजले. नऊ हात होते. काहींच्या तळव्यांवर तेल अजून चमकत होतं.

"मयेकर," मी म्हणाले, "पुण्याला फोन लावा. नऊ जणी आहेत म्हणून सांगा. सकाळच्या पाळीतल्या बायकांनाही बोलावून घ्या, त्यांचा ताप बघायचाय. आणि सगळे टब इकडे आणा, बर्फ भरून."

ते पळाले. खरंच पळाले.

मी मोरीचे चारही नळ सोडले, बाह्या वर केल्या, साबण घेतला आणि झुलेखाला वाकायला सांगून तिची पाठ धुवायला लागले.